डोक्यावर हात ठेवून

संत्र्याच्या झाडाला डिसेंबरात उपाशी ठेवावं लागतं. पाणी बंद. याला ताण देणं म्हणतात. पानं माना टाकतात, पिवळी पडून गळतात, आणि नवख्या माणसाला वाटतं की बगीचा गेला. मग संक्रांतीच्या पुढेमागे पाणी सोडलं की झाड फुलांनी भरतं आणि त्या फुलांवर घराचं वर्ष निघतं. मधेच कुठे पाणी लागलं तर मात्र झाड फुलायचं सोडून नुसती पालवी काढत बसतं. सौंसरकडच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. विनोदच्या तेरा वर्षांच्या डिंपललाही कळत होतं, आणि म्हणूनच त्या दिवशी विनोदचं डोकं फिरलं.

झालं असं. विनोद पांढुर्ण्याला कापूस घेऊन गेला होता. शेतातली मोटर गव्हासाठी चालू होती. गव्हाकडे जाणारा पाइप बगीच्याच्या कडेने जातो. त्याचा जोड निघाला आणि पाणी सरळ संत्र्यात शिरलं. शेजारच्या गजेंद्रने ते पाहिलं, पण स्टार्टरच्या डब्याला कुलूप आणि किल्ली घरी. त्याने विनोदला फोन लावला. विनोदने घरी लावला. घरचा मोठा फोन म्हणजेच मोटरचं बटण होतं. त्यावरून मोटर चालू होते, बंद होते, आणि ऑटोवर टाकली तर लाईट आल्याबरोबर आपोआप सुरू होते. हे सगळं घरात एकट्या डिंपलला येत होतं. विनोदच्या खिशात साधा बटणाचा फोन, त्यात तो फक्त हिरवं आणि लाल ओळखायचा.

पाच वेळा फोन केला. पाचही वेळा कट झाला.

विनोद गावात पोचला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तो आधी शेतात गेला. खालच्या अंगाची चाळीसेक झाडं घोटाभर पाण्यात उभी होती. तसाच चिखलाच्या पायांनी तो घरी आला. मागच्या खोलीत डिंपल कापसाच्या पोत्याला टेकून बसली होती, कानात वायर, दोन्ही अंगठे पडद्यावर नाचत होते. त्याने वायर ओढली. फोनमधून कुणा पोराचा आवाज खोलीभर झाला, "डिंपल, पीछे! पीछे देख ना!"

विनोदने तिच्या थोबाडीत दिली.

"कोन हाय हा पोट्टा?"

"ऋषिकेश. पांढुर्ण्याचा. आमच्या टीममधला. द्या ना फोन, मॅच चालू हाय!"

"मॅच? बगीच्यात पानी शिरलं, पाच फोन लावले मी!"

"मधात फोन आला का मरतो आपन! म्हून कट केला!"

तिने फोन हिसकायला हात घातला आणि तो देईना तेव्हा त्याच्या मनगटाला कडाडून चावली. विनोदची बायको सरला चुलीपुढून धावत आली. मनगटावर दातांची रांग उमटली होती आणि एका ठिकाणी रक्त होतं. सरलाने दोघांकडे पाहिलं आणि कुणाची बाजू घ्यावी हे तिला कळलं नाही.

आता पोरगी गरीब गाय होती असं कुणी समजू नये. बंदुकीचा हा खेळ गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून तिच्या डोक्यात शिरला होता आणि बाकी सगळं बाहेर पडलं होतं. सहामाहीत गणितात नापास. जेवताना ताट ढकलून उठायची. चार्जरच्या बोर्डापाशी आजी बसलेली दिसली म्हणून तिने कलाबाईला, सख्ख्या आजीला, "मरत काहून नाही व एकदाची" असं ऐकवलं होतं. म्हातारीने ते कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी ती जेवलीही नाही.

आणि आईबापांचंही काय सांगावं! त्यांच्या घरात नियम दर सोमवारी नवा. कधी एक तास, कधी अजिबात नाही. सरला चार्जर ज्वारीच्या कोठीत लपवायची आणि पोरीने तोंड पाडलं की स्वतःच काढून द्यायची. विनोद सकाळी ओरडायचा आणि संध्याकाळी पारावर गप्पा मारायच्या असल्या की पोरगी गुंतलेली बरी म्हणून फोन तिच्या पुढ्यात टाकायचा. पेरलं तेच उगवलं. पण चिखलाचे पाय घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला हे सांगणार कोण?

"जामसांवलीले ने तिले," कलाबाई म्हणाली. "मारुतीच्या समोर कबूल करव. बाकी कोनाचं ऐकत नाही ते."

शनिवारी चौघं जामसांवलीला गेली. गर्दी दाटली होती. दोन तास रांगेत उभं राहून दर्शन झालं. बाहेर मंडपात येताच विनोदने डिंपलचा उजवा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. त्याच्या केसांना तेल लागलेलं होतं. तिने हात मागे ओढला. त्याने तो पुन्हा दाबून धरला.

"म्हन. मोबाईलले हात लावीन तं माहा बाप मरन."

"बाबा, सोडा."

"म्हन पयले."

"असं अभद्र काहून बोलवून राहिले तिच्या तोंडून?" सरला म्हणाली. "देवाची शपथ घाला ना, आपली कायले?"

"देवाले काय होते? देव मरते का? आपलं कोनी मरन म्हटलं तवाच मानूस ऐकते."

रांगेतली माणसं वळून पाहू लागली. एक बाई दुसरीला म्हणाली, "बरं केलं, आजकालच्या पोट्टाईले असंच पायजे." डिंपलचे कान लाल झाले. आपल्या वयाच्या दोन मुली आपल्याकडे बघताहेत हे तिला दिसलं.

"मोबाईलले हात लावीन तं माहा बाप मरन," ती म्हणाली. शेवटचा शब्द तोंडातच राहिला, पण म्हणाली.

विनोदला म्हणायचं होतं 'खेळाला'. रागात तो 'मोबाईल' म्हणून गेला. ही चूक त्याच्या त्या वेळी ध्यानातही आली नाही.

पहिले आठ दिवस पोरीने घर डोक्यावर घेतलं. वही फाडली, दोन दिवस जेवली नाही, आईला म्हणाली मी पळून जाईन. मग ती गप्प झाली. ओसरीवर बसली की दोन्ही अंगठे मांडीवर आपोआप हलायचे. सरलाला ते पाहवायचं नाही. फोन भिंतीतल्या देवळीत पडून असायचा. तो वाजला की डिंपल उठून अंगणात जायची. शाळेचा गृहपाठ फोनवर यायचा, तो ती गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या चंचलकडून उतरवून आणायची. चंचलने फोन तिच्या पुढे धरला तर म्हणायची, "तूच धर, तूच सरकव."

विनोद मात्र खूश होता. चहाच्या टपरीवर तो चारचौघांत सांगायचा, "पोट्टीले ताण देल्ला. झाडासारखा. आता पाहा कशी बहारावर येते ते." लोक हसायचे. एका म्हाताऱ्याने तेवढं म्हटलं की ताण जास्त झाला तर फांद्याही वाळतात, पण ते विनोदने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

संक्रांत झाली. बगीच्याला पाणी सुरू झालं आणि विनोदच्या पायांना चाकं लागली. मोटर ऑटोवर होती, ती डिंपलने डिसेंबरात टाकलेली. लाईट आली की ती सुरू व्हायची, मग कोणत्या ओळीला किती पाणी गेलं हे बघायला आणि हाताने बंद करायला त्याला चार किलोमीटर जावं लागायचं. लाईट कधी सकाळी सहाला, कधी दुपारी. गाडीला किक मारून मारून त्याची पोटरी धरली. रातोरात बदललेलं लाईटीचं वेळापत्रक पूर्वी फोनवर पोरगी वाचून दाखवायची, आता तो डीपीपाशी, गावच्या ट्रान्सफॉर्मरखाली, उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा. चाळीस ओल्या झाडांनी पालवी काढली होती. बाकीच्यांना कळी दिसायला लागली होती. त्या चाळिसांपुढून जाताना तो रोज एक शिवी घालायचा, आणि ती झाडाला नसायची.

एका रविवारी सकाळी मात्र त्याला राहवलं नाही. फोन देवळीतून काढून त्याने डिंपलपुढे धरला.

"ते ऑटो बंद करून दे. एका मिनटाचं काम हाय. आज मोटरीचं काम कराचं हाय विहिरीत."

डिंपलने हात पाठीमागे घेतले. "शपथ हाय."

"ते खेळाची होती."

"तुमी मोबाईल म्हटलं होतं. सगळ्याईनं ऐकलं."

"शानपना शिकवतं का मले? बापाचं काम हाय म्हनून सांगून राहिलो ना!"

"मी हात नाही लावत."

विनोदला वाटलं, ही सूड उगवते आहे. आपलेच शब्द आपल्या तोंडावर मारते आहे. त्याने फोन देवळीत आपटला आणि जाता जाता तिच्या पाठीत एक गुद्दा घातला. डिंपल भिंतीला धरून उभी राहिली. गाडीचा आवाज गल्लीच्या बाहेर गेल्यावर ती दात खाऊन म्हणाली, "मर." मग स्वतःच दचकली आणि तिने तोंडावर हात दाबला.

मोटर दोन दिवसांपासून अर्धं पाणी फेकत होती. केबलचा जोड जळाला असणार हे विनोदने ताडलं होतं. दहाला लाईट गेली. ती आता एकला येणार, मधे तीन तास आहेत, असा हिशेब करून तो विहिरीत उतरला. वर डब्यातला कट-आऊट, म्हणजे फ्यूज, काढून ठेवायचा असतो. तो त्याने काढला नाही. लाईटच नाही तर काढायचा कशाला? असं म्हणणारी माणसं आपल्याकडे काही कमी नाहीत.

बाराच्या सुमाराला त्याने जोडाची टेप सोडली, तिन्ही तारा उघड्या केल्या, आणि वर टेकायला म्हणून पाय ठेवला तो लोखंडी पायरीवर. पायरी गंजलेली होती. ती निघाली. विनोद कंबरभर पाण्यात कोसळला आणि त्याचा डावा पाय पाइप आणि खडकाच्या कपारीत घोट्यापर्यंत अडकला. कळ डोक्यात गेली. तारा हातातून सुटून पाण्यात पडल्या, हातभर पलीकडे, दिसत होत्या पण पोचत नव्हत्या. त्याने पाय ओढून पाहिला. पाइप हलवून पाहिला. चार-दोनदा जोर केल्यावर त्याला ओकारी आली.

शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत फोन होता, तो वाचला होता. बारा वाजून पस्तीस मिनिटं. गजेंद्रला लावला. गजेंद्र सौंसरला होता, निघतो म्हणाला, पण त्याला पाऊण तास लागणार होता. मग विनोदने घरी लावला.

घरी डिंपल आणि कलाबाई दोघीच होत्या. सरला नाल्यापलीकडे कापूस वेचायला गेली होती. गल्लीत कुत्रंही नव्हतं, सगळं गाव शेतात. फोन देवळीत वाजायला लागला तशी डिंपल नेहमीसारखी उठली.

"कोनाचा हाय व?" कलाबाईने विचारलं.

"बाबाचा."

"मंग उचल ना!"

"नाही. तू उचल. हिरवं हाय ते वर सरकव."

कलाबाईने फोन मांडीवर घेतला आणि बोट फिरवलं. फोन वाजतच राहिला. तिने पुन्हा फिरवलं. पन्नास वर्षं कापूस वेचून, भांडी घासून म्हातारीच्या बोटांची कातडी दगड झाली होती, रेघा पार पुसलेल्या आणि मधे काळ्या भेगा. पडद्याला ते माणसाचं बोट वाटेना. फोन बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजला. तिसऱ्या वेळी कसा कोण जाणे तो लागला. म्हातारीने तो दोन्ही हातांनी कानाला धरला, पण विनोद इतका ओरडत होता की डिंपलला सगळं ऐकू आलं.

"माय, मी विहिरीत अटकलो! तार पान्यात हाय! एक वाजता लाईट येते, मोटर ऑटोवर हाय! डिंपलले म्हन ऑटो बंद कर! जल्दी! लाईट आली का मी मेलो!"

आवाज तुटला.

"कर व माय," कलाबाईने फोन तिच्यापुढे केला. "तुहा बाप पान्यात हाय."

डिंपल खाली बसली. दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबले. "आजी, तू कर. मी सांगतो. ते निळं चित्र हाय ना विजेचं, त्याच्यावर दाब."

म्हातारीने दाबलं. काही झालं नाही. "हळू दाब. नखानं नोको." पुन्हा काही नाही. "बोट ओलं कर." कलाबाईने बोट तांब्यात बुडवलं आणि पुसलं न पुसलं तसं टेकवलं. पडदा वेडावाकडा पळाला, भलतंच काही उघडलं, पोरीच्या खेळाची बंदूक दिसली आणि गाणं वाजू लागलं. डिंपलने म्हातारीचं मनगट धरून, स्वतःचा हात काचेला लागू न देता, तिचं बोट पडद्यावर फिरवलं. बोट घसरत होतं. वर कोपऱ्यात बारा एकावन्न.

"होत नाही व माह्याच्यानं," कलाबाई रडायला लागली. "तू लाव ना हात."

"हात लावला तं बाबा मरते!"

"आन् नाही लावला तं?"

सकाळी डिंपल दात खाऊन काय म्हणाली होती ते तिला आठवलं आणि तिला वाटलं, झालंच ते, आता कसंही केलं तरी तेच होणार. मंडपातलं ते तेलकट डोकं हाताला अजून चिकटलेलं होतं. तिने हात मांडीखालून काढला, फ्रॉकला पुसला, पुन्हा पुसला. मग "मारुतीबाबा, माह्यावर घे, त्याइच्यावर नोको" असं म्हणत तिने फोन ओढून घेतला. खेळ बंद केला. निळं चित्र उघडलं. ऑटोवर बोट ठेवलं. पडद्यावर एक चक्र गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग 'बंद' असं आलं. तिने फोन सापासारखा दूर फेकला.

एकला विनोदने वर डब्यात टक् असा आवाज ऐकला. त्याने डोळे मिटून घेतले आणि त्याला आईचं नावही आठवेना. मोटर सुरू झाली नाही, पाणी तसंच गार राहिलं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले तेव्हा गजेंद्र काठावरून दोर सोडत होता.

घोटा मोडला होता. सौंसरला प्लास्टर झालं, संध्याकाळी गजेंद्रने त्याला घरी आणून खाटेवर टाकलं.

"कोनं बंद केलं ऑटो?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"मी केलं," कलाबाई घाईघाईने म्हणाली. "हिनं सांगतलं, मी दाबलं."

विनोदने दाराआडच्या डिंपलकडे पाहिलं. "पाहा. बाप मरत होता तरी हिचा हट काही सुटला नाही. बुढीले कराव लागलं." आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. सरलाने सासूच्या हातांकडे पाहिलं, मग दाराआडच्या पोरीकडे.

पुढचे तीन दिवस पोरगी शाळेत गेली नाही. पोट दुखतं म्हणाली. विनोद न्हाणीकडे लंगडत निघाला की ती मागे. त्याने गोळी घेतली की ती गोळीचं पाकीट उलटंसुलटं करून पाही. "काय सारखी मांग मांग करून राहिली?" तो खेकसायचा. तिच्याशी सरळ बोलायचं त्याने सोडूनच दिलं होतं. बगीच्याला पाणी गजेंद्र देत होता आणि खाटेवर पडून विनोदचा जीव तिळतिळ तुटत होता, त्याचा राग काढायला दुसरं होतं कोण?

चौथ्या दिवशी दुपारी जेवून तो पडला होता. सरला शेतात, कलाबाई अंगणात तूर पाखडत होती. डोळा लागतो न लागतो तोच त्याला नाकापाशी काहीतरी जाणवलं. माशी असेल म्हणून त्याने हात मारला. हातात पोरीचं मनगट आलं.

"काय करून राहिली व?"

"काही नाही."

"नाकासमोर बोट कायले धरलं?"

"पाहून राहिली. चालू हाय का म्हून."

"काय चालू?"

"तुमचा श्वास."

विनोदने तिचं मनगट घट्ट धरलं. "पागल झाली का?"

"आजीनं नाही केलं बंद. तिचं बोटच नाही लागत त्याच्यावर. मी लावला हात," डिंपल म्हणाली. ती रडत नव्हती. तिचे डोळे तीन दिवस न झोपल्यासारखे खोल गेले होते. "मोबाईलले हात लावला मी. आता तुमी मरसान."

अंगणातलं सूप थांबलं.

विनोदला हसू आलं नाही. त्या सकाळी त्याने फोन पुढे केला तेव्हा हिने हात का मागे घेतले, हे त्याला आत्ता कळलं. त्याने तिला गुद्दा घातला होता.

"मी जिता हाओ ना," तो म्हणाला. "पाहा ना. जिता हाओ."

"आज जिते हा. उद्या?"

"असं काही होत नसते व. ते... ते आपलं भेव दाखवाले म्हटलं होतं. शनवारी चाल जामसांवलीले. तिथंच सोडतो शपथ, सगळ्याईच्या समोर. पुन्हा माह्या डोक्यावर हात ठेव आन्..."

डिंपलने हात असा हिसडला की खाट हलली.

"नाही ठेवत! कोनाच्याच डोक्यावर नाही ठेवत!" आता ती रडली. "तुमी फोन फोडून टाका. मले माराचं तं मारा. जलमभर खेळू नोका देऊ, मी काही नाही म्हनत. पन तुमचं मरन माह्या हातात नोका देऊ, बाबा. मी तेरा वर्साची हाओ."

विनोद उताणा पडून राहिला. माफी मागायची सवय त्या घरात कुणालाच नव्हती.

डिंपलने बाहीने नाक पुसलं. मग ती खाटेच्या काठावर टेकली आणि तिने पुन्हा बोट त्याच्या नाकाखाली धरलं. या वेळी विनोदने हात आड घातला नाही. तिला नीट लागावा म्हणून तो जरा जोरातच श्वास सोडत राहिला.